सारखेपणाची मेहनत : रेडिओ-नियंत्रित बग्गीच्या जुळणीविषयी

रेडिओ-नियंत्रित ऑफ-रोड बग्गी म्हणजे माती, कृत्रिम हिरवळ किंवा जाड गालिचा यांवर आखलेल्या, उंचवट्यांनी आणि उड्यांनी भरलेल्या मार्गावर शर्यतीसाठी धावणारी उघड्या चाकांची छोटी गाडी. तिचा सर्वांत रुळलेला प्रकार खऱ्या मोटारीच्या एक दशांश मापाचा असून त्याची रुंदी नियमाने २५० मिलिमीटरच्या आत ठेवावी लागते आणि बॅटरीसह वजन दीड किलोच्या आसपास भरते. ब्रशलेस विद्युत मोटारीची शक्ती मागच्या दोन चाकांना मिळते की चारही चाकांना, यावरून ‘टू-व्हील’ आणि ‘फोर-व्हील’ असे दोन वर्ग पडतात. एक अष्टमांश मापाच्या, नायट्रोमिथेनमिश्रित इंधनावर ३.५ सीसीचे इंजिन चालवणाऱ्या मोठ्या बग्ग्यांचे जग याहून वेगळे आहे. बाहेरून पाहणाऱ्याला या छंदातले काम दोन भागांचे वाटते, आधी गाडी बांधायची आणि मग तिच्यात सुधारणा करत राहायची. परंतु ज्याने या कामात काही हंगाम घालवले आहेत त्याचा बराचसा वेळ तिसऱ्याच एका गोष्टीत गेलेला असतो, ती म्हणजे गाडीची डावी बाजू उजवीसारखी आणि आजची गाडी कालच्यासारखी राखणे. हा सारखेपणा साधल्याशिवाय केलेल्या बदलाचा परिणाम ओळखताच येत नाही, आणि जो परिणाम ओळखता येत नाही त्याला सुधारणा म्हणण्यात अर्थ नसतो.

जुळणीची ही संस्कृती गाड्यांच्या जन्मापासूनची नाही. जपानच्या टामिया कंपनीने १९७९ मध्ये रफ रायडर आणि सँड स्कॉर्चर या गाड्या बाजारात आणल्या तेव्हा त्या प्रामुख्याने वाळवंटी बग्ग्यांच्या देखण्या प्रतिकृती होत्या, आणि घराच्या अंगणात त्या हव्या तशा उधळाव्यात एवढीच अपेक्षा होती. १९८४ मध्ये कॅलिफोर्नियातील टीम असोसिएटेडने आरसी१० ही बग्गी आणली. सोनेरी मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची परातीसारखी चासी, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आणि तेल भरलेले शॉक ॲब्सॉर्बर असलेली ही गाडी प्रतिकृतीचा आव न आणता उघडपणे शर्यतीसाठी घडवलेली होती. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात डेल मार येथे एक दशांश विद्युत बग्ग्यांची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि टू-व्हील वर्गात जे हॅल्सी यांनी याच गाडीवर विजेतेपद मिळवले. ही गाडी लोकांच्या हाती आली ती जागोजागी पर्यायी छिद्रे आणि बदलता येणारे दुवे घेऊन. शॉक कोणत्या छिद्रात बांधायचा, वरचा दुवा किती लांब ठेवायचा, हे प्रश्न कारखान्याने सोडवून न देता मालकावर सोपवले, आणि त्या दिवसापासून हा छंद अर्धा चालवण्याचा आणि अर्धा मोजमापाचा झाला.

खऱ्या मोटारीच्या सस्पेन्शनविषयीचे पुस्तकी ज्ञान येथे उपयोगी पडते, मात्र एका मर्यादेपर्यंतच, कारण गाडी दहापटीने लहान केली तरी गुरुत्वाकर्षण लहान करता येत नाही. १ मीटर उंचीवरून उडी घेऊन खाली येणाऱ्या बग्गीला जमिनीवर टेकायला सुमारे ०.४५ सेकंद लागतात, तर त्याच प्रमाणातल्या, म्हणजे १० मीटरच्या उडीवरून उतरणाऱ्या खऱ्या मोटारीला सुमारे १.४३ सेकंद लागतील. दहाच्या वर्गमुळाच्या, म्हणजे साधारण ३.१६ च्या पटीत छोट्या गाडीचे सारे आयुष्य घाईत चालते. तिची डुगडुग, तिचे झुकणे, तिचे घसरणे हे सगळे चालकाच्या प्रतिक्षिप्त क्रियेच्या अलीकडेच घडून जाते, म्हणून मोठ्या गाडीत चालक जे हाताने सावरू शकतो त्यातले पुष्कळसे छोट्या गाडीत आधीच, टेबलावर बसून, जुळणीतूनच सावरून ठेवावे लागते. जुळणीला या खेळात एवढे वजन का आहे, याचे खरे उत्तर या वर्गमुळात आहे.

सारखेपणाचे काम सुरू होते ते सपाट पाटीवर. चासी किंचित पिळलेली असली, किंवा एका बाजूच्या स्प्रिंगवर दुसऱ्या बाजूपेक्षा जास्त ताण असला, तर समोरासमोरच्या कोपऱ्यांतील चाकांवर असमान भार येतो. या दोषाला शर्यतीच्या भाषेत ‘ट्वीक’ म्हणतात. चासीच्या पुढच्या टोकाला बरोबर मध्यरेषेवर पात्यासारखी धार टेकवून गाडी हळूहळू उचलली असता दोन्ही पुढची चाके एकाच क्षणी जमीन सोडतात की नाही, हे पाहणे ही त्याची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत प्रामाणिक चाचणी होय. शॉकच्या बाबतीत दोन्ही शॉक पूर्ण ताणलेल्या स्थितीत कॅलिपरने मोजून एका दशांश मिलिमीटरपर्यंत समान करायचे, त्यांची टोके एकमेकांवर टेकवून दोन्ही एकदम दाबायचे आणि कोणता आधी आत जातो हे पाहायचे, आतील हवेचे बुडबुडे निघून जाईपर्यंत पिस्टन सावकाश खालीवर करायचा. ही कामे कोणाच्याही कौतुकाला पात्र ठरत नाहीत, पण ज्या गाडीला डावे वळण नीट घेता येते आणि उजवे येत नाही तिच्या आजाराचे मूळ बहुधा येथेच सापडते. सस्पेन्शनचा हात त्याच्या पिनवर स्वतःच्या वजनाने मोकळा खाली पडला पाहिजे, आणि तरीही त्याला आडवी खिळखिळ असता कामा नये. नव्या प्लास्टिकच्या हाताचे छिद्र थोडे घट्ट असते, ते रीमरने साफ करावे लागते. तर जुन्या हाताचे छिद्र धुळीने झिजून सैल होते आणि तेव्हा हातच बदलावा लागतो. जिथे बॉल स्टड, म्हणजे दुव्याला धरणारी गोल डोक्याची खुंटी, आपल्या कपात अडकून बसते तिथे स्प्रिंग कितीही मऊ लावली तरी चाक जमिनीमागे जात नाही.

एवढे झाले की प्रश्न येतो टायरचा, आणि अनुभवी मंडळींच्या मते जुळणीचा निम्म्याहून अधिक प्रश्न तिथेच संपतो. मोकळ्या, भुसभुशीत मातीवर उंच काट्यांचा टायर मातीत रुतून पकड मिळवतो. परंतु ओलसर चिकणमाती दाबून दाबून गुळगुळीत झाली आणि गाड्यांच्या वाटेवर टायरच्या रबराचा काळसर थर बसला की तेच काटे वाकून गाडी डगमगू लागते, आणि मग काटे घासून झिजवलेला किंवा जवळजवळ सपाट टायर अधिक पकड देतो. हे प्रथमदर्शनी उलटे वाटते, आणि अमेरिकेतील बंदिस्त चिकणमातीच्या मार्गांवर चालकांनी टायर मुद्दाम घासून झिजवण्याचा उद्योग केल्यानंतरच कारखान्यांनी सपाट टायर सर्रास विकायला घेतले. ब्रिटनमध्ये कृत्रिम हिरवळीवरच्या शर्यतींत मात्र बारीक, आखूड काट्यांचे टायर रूढ झाले, कारण हिरवळीच्या धाग्यांमध्ये शिरायला तेच योग्य. टायरच्या आत फोमची कडी असते, तिचा कडकपणा आणि बसण्याची पद्धत यांवर टायर वळणात दुमडतो की उभा राहतो हे ठरते. टायर चाकाला सायनोॲक्रिलेट चिकटद्रव्याने चिकटवावा लागतो आणि ही चिकटवणी एका जागी जरी सुटली तरी गाडी सरळ रेषेतसुद्धा कापरे भरल्यासारखी धावते. रबर मऊ करणारी द्रावणे टायरला लावण्याची प्रथाही आहे, काही मार्गांवर तिला मनाई आहे, आणि ज्याला आपल्या जुळणीविषयी काही शिकायचे आहे त्याच्या दृष्टीने ती मनाई उपकारकच म्हणावी लागेल, कारण द्रावण किती मुरले हा आणखी एक अनिश्चित घटक त्यामुळे वजा होतो.

शॉकमधील तेल आणि पिस्टन यांचे नाते हा या विषयातील सर्वांत बोधप्रद भाग आहे. शॉकच्या नळीत सिलिकॉन तेल भरलेले असते आणि त्यातून छिद्रे पाडलेली छोटी चकती, म्हणजे पिस्टन, खालीवर सरकते. तेल छिद्रांतून जाताना जो विरोध होतो त्यामुळे स्प्रिंगची उसळी शमते. तेलाचा दाटपणा सेंटिस्टोक या एककात मोजतात, जरी जुन्या सवयीने ‘वेट’ हा शब्दही चालतो आणि कंपनीगणिक त्याचा अर्थ बदलत असल्याने गोंधळही होतो. असोसिएटेडच्या मोजणीत ३० वेट म्हणजे ३५० सेंटिस्टोक. नवख्याची समजूत अशी असते की पातळ तेल आणि लहान छिद्रे यांची जोडी, तसेच दाट तेल आणि मोठी छिद्रे यांची जोडी, हातात दाबून सारखीच लागत असेल तर धावतानाही सारखीच वागेल. ती फसवी आहे. हाताने सावकाश दाबताना विरोध मुख्यतः तेलाच्या दाटपणामुळे होतो, परंतु उडीवरून उतरताना पिस्टन इतक्या वेगाने सरकतो की तेलाला छिद्रातून वाट काढायला सवड मिळत नाही, विरोध वेगाच्या जवळजवळ वर्गाच्या पटीत वाढतो आणि शॉक क्षणभर आवळल्यासारखा होतो. याला ‘पॅक’ म्हणतात. लहान छिद्रांचा पिस्टन लवकर पॅक होतो, म्हणून मोठ्या उड्यांवर चासी जमिनीवर आपटत नाही, पण सलग बारीक खड्ड्यांवर तोच पिस्टन चाकाला अडवून धरतो आणि गाडी खड्ड्यांच्या माथ्यावरून उडत जाते. म्हणजे पिस्टन निवडणे ही त्या मार्गावर उड्या महत्त्वाच्या की खड्डे याबाबतची निवड ठरते, आणि तेल त्यानंतर निवडायचे असते. प्रत्यक्षात बहुतेक लोक तेल रोज बदलतात आणि पिस्टनला वर्षभर हात लावत नाहीत. सकाळच्या गारव्यात बरोबर वाटलेले तेल दुपारच्या उन्हात पातळ होते हेही लक्षात ठेवावे लागते, अन्यथा तापमानाचा परिणाम मार्गाच्या माथी मारला जातो.

चाकांच्या कोनांविषयी थोडक्यात सांगता येते. कॅम्बर म्हणजे समोरून पाहता चाकाचे आत किंवा बाहेर कलणे, ते बहुधा आत १ अंशाच्या आसपास ठेवतात. टो-इन म्हणजे वरून पाहता चाकांची पुढची टोके आत वळलेली असणे, टू-व्हील बग्गीच्या मागील प्रत्येक चाकाला ते साधारण ३ अंश दिल्याशिवाय गाडी शक्तीखाली सरळ राहत नाही. राइड हाइट म्हणजे चासीच्या तळाची जमिनीपासूनची उंची, ती मातीवर २२ ते २४ मिलिमीटरच्या दरम्यान आणि गालिच्यावर त्याहून बरीच कमी असते. याहून सूक्ष्म गोष्ट रोल सेंटरची आहे. वळणात गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो हा बिंदू, आणि तो दिसत नसला तरी वरच्या दुव्याच्या आतल्या टोकाखाली १ मिलिमीटरची चकती सरकवून खाली आणता येतो. गाडी मग अधिक कलते, कमी पकडीच्या जमिनीवर टायर अधिक दाबला जातो, आणि त्या बदल्यात दिशा बदलताना ती आळसावते. सतारीची जवारी काढताना घोडीचा पृष्ठभाग कानसेने हलकेच घासला की सबंध वाद्याचा आवाज पालटतो आणि आधी लावलेल्या तारा पुन्हा ऐकाव्या लागतात, तसाच प्रकार या चकतीचा आहे, कारण तिच्यामुळे कॅम्बरही सरकतो आणि तो पुन्हा मोजून पूर्ववत केला नाही तर चकतीचा परिणाम पाहिला की कॅम्बरचा, हे सांगता येत नाही.

मोटार कुठे बसवायची या वादाने जमिनीचे वर्चस्व सर्वांत स्पष्ट केले. टू-व्हील बग्गीत मोटार दीर्घकाळ मागच्या आसाच्याही मागे बसत असे; मागच्या चाकांवर वजन येऊन भुसभुशीत मातीत ती पकड देत आणि गाडी सुटताना घसरत नसे. पुढे मार्ग बंदिस्त जागेत आले, चिकणमाती पाणी मारून घट्ट ठेवली जाऊ लागली, युरोपात हिरवळ आणि गालिचे पसरले, पकड मुबलक झाली, आणि तेव्हा मागे लटकणारे हेच वजन वळणात गाडीला भिरकावू लागले. मोटार आसाच्या पुढे, गाडीच्या मध्याकडे आणली की वजन एकवटते, फिरण्याचे जडत्व घटते आणि गाडी वळणात चटकन शिरते. २०१० च्या दशकाच्या आरंभी टीम लोसी रेसिंगची २२ ही बग्गी दोन्ही प्रकारे बांधता येई, आणि २०१३ मध्ये असोसिएटेडने बी५ व बी५एम अशा दोन स्वतंत्र गाड्या काढल्या, पहिलीची मोटार मागे, दुसरीची मध्ये. २०१५ मध्ये जपानच्या याताबे अरीनातील जागतिक स्पर्धेत स्पेन्सर रिव्हकिन बी५एम घेऊन टू-व्हील वर्गात जिंकले तोवर हा वाद जवळपास निकालात निघाला होता. तरीही जिथे मोकळी, धुळीची जमीन आहे तिथे मागच्या मोटारीची गाडी आजही चुकीची ठरत नाही, आणि विजेत्याची गाडी जशीच्या तशी विकत घेऊन अशा जमिनीवर उतरवणाऱ्याला ती मागून सतत घसरताना पाहावी लागते.

दुकानात जे ‘सुधारित भाग’ म्हणून विकले जाते त्याविषयी काहीसे कठोर मत देणे भाग आहे. रंगीत मुलाम्याचे ॲल्युमिनियमचे भाग हौशी चालकाला आवडतात, पण सस्पेन्शनचा प्लास्टिकचा हात धडक बसली की वाकतो आणि परत येतो, तर ॲल्युमिनियमचा हात वाकतो आणि वाकलेलाच राहतो. तो वाकलेला आहे हे डोळ्यांना दिसत नाही आणि ट्वीकच्या रूपाने पुढची कित्येक सत्रे सतावत राहते. चासीतली थोडी लवचीकता कमी पकडीच्या जमिनीवर सस्पेन्शनसारखीच उपयोगी पडते, म्हणून अतिताठर गाडी मातीवर बहुधा कमी क्षमाशील असते. ॲल्युमिनियम शोभते ते जिथे स्थिती अचूक राहणे हाच हेतू आहे तिथे, उदाहरणार्थ सुकाणूच्या दांड्यांत आणि शॉकच्या नळ्यांत. वजन वाढवणारे पितळेचे तुकडे मात्र दिसायला क्षुद्र असूनही कामाचे असतात. मध्य-मोटारीच्या गाडीत पुढच्या टोकाला किंवा बॅटरीखाली ठेवलेले थोडेसे पितळ किंवा पोलाद सुकाणूची पकड स्पष्टपणे बदलते.

शक्ती चाकांपर्यंत नेणाऱ्या यंत्रणेत डिफरन्शियल, म्हणजे वळणात दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग, दोन प्रकारचा असतो. सेसिल शूमाखर या ब्रिटिश अभियंत्याने रूढ केलेल्या बॉल डिफमध्ये दोन कड्यांच्या मध्ये बारीक गोळ्या दाबून धरलेल्या असतात आणि त्याची घट्टी एका स्क्रूने बदलते. गिअर डिफमध्ये दातेरी चाके दाट सिलिकॉन तेलात बुडालेली असतात आणि तेल बदलून त्याचा स्वभाव बदलतो. बॉल डिफ सैल ठेवला तर गोळ्या घसरून कड्यांवर चरे पडतात, म्हणून डिफ घसरण्याआधी स्लिपर घसरला पाहिजे असा दंडक आहे. स्लिपर म्हणजे मोटार आणि डिफ यांच्यामधील, स्प्रिंगने दाबलेल्या चकत्यांचा क्लच, जो उडीवरून उतरताना आणि गाडी सुटताना बसणारा धक्का गिळतो. गिअरिंगचा हिशेब सरळ आहे. ७२ दात्यांचे स्पर, म्हणजे मोठे दातेरी चाक, आणि २४ दात्यांचे पिनियन, म्हणजे मोटारीच्या दांड्यावरचे छोटे दातेरी चाक, असेल तर गुणोत्तर ३, आणि गिअरबॉक्सचे आतील गुणोत्तर २.६ असल्यास एकूण ७.८, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात मोटार ७.८ वेळा फिरते. ज्या वर्गात सर्वांना १७.५ टर्नची मंद मोटार आणि वेग-नियंत्रकाचे वाढीव टायमिंग बंद ठेवण्याची सक्ती असते, ज्याला नियंत्रकावर लुकलुकणाऱ्या दिव्यावरून ‘ब्लिंकी’ म्हणतात, तिथे पिनियनचा एकेक दाता मोलाचा ठरतो. वेगवान मोटारींच्या वर्गात हीच चर्चा निरर्थक होते, कारण तिथे शक्ती आधीच टायरच्या पकडीपेक्षा जास्त असते.

बदल तपासण्याची रीत सांगायला सोपी आणि पाळायला अवघड आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ती सेटअप शीटवर, म्हणजे कंपनीने गाडीसोबत दिलेल्या कोऱ्या तक्त्यावर लिहायची, काही फेऱ्या घ्यायच्या, आणि फरक जाणवला तर तो बदल मागे घेऊन गाडी पुन्हा पहिल्यासारखी वागते का ते पाहायचे. शेवटची पायरी जवळजवळ प्रत्येक जण गाळतो, कारण सुधारलेली गाडी मुद्दाम बिघडवायला मन धजत नाही. पण मार्ग दिवसभर स्थिर राहत नाही, पाणी मारल्यावर पकड वाढते, सुकल्यावर धूळ वर येते, आणि चालकाचा हातही तापत जातो, त्यामुळे मागे जाऊन पाहिल्याशिवाय श्रेय चकतीचे की पाण्याचे हे ठरत नाही. मार्गाखाली गाडलेली तार आणि गाडीतील ट्रान्सपाँडर यांच्यामुळे प्रत्येक फेरीची वेळ आपोआप नोंदली जाते. तिथे सर्वांत जलद फेरीकडे पाहण्याचा मोह होतो, परंतु पाच मिनिटांच्या शर्यतीचा निकाल सरासरीवर आणि चुकांच्या संख्येवर लागतो. टोकदार जुळणीची गाडी एका फेरीत भाव खाते आणि चौथ्या फेरीत उलटते, तर मऊ मागचे सस्पेन्शन आणि किंचित सुस्त सुकाणू असलेली गाडी चालवायला कंटाळवाणी वाटते आणि अंतिम यादीत वर दिसते.

ट्रान्समीटरवरील सोयींनीही बरेच दोष झाकता येतात, आणि म्हणूनच त्या शेवटी हाताळाव्यात. गाडी हवेत असताना ट्रान्समीटरवरून चाकांचा वेग वाढवला तर प्रतिक्रियेने नाक वर उचलले जाते आणि ब्रेक दाबला तर खाली येते, कारण हवेत असताना चाके आणि गाडी यांचा मिळून फिरण्याचा संवेग तसाच राहतो. उडीवर नाक सतत खाली जाणाऱ्या गाडीला हाताने सावरता येते हे खरे, पण ती सवय लागली की मागचा शॉक फार जोरात उसळतो हे मूळ कारण तपासायचे राहून जाते. बोलीत ‘एक्स्पो’ म्हणतात ती, सुकाणूची मधली हालचाल मवाळ करणारी सोय, अशीच आहे.

क्लबच्या शर्यतीत रिवाज असा की आपल्या गटाची धाव संपली की चालकाने पुढच्या गटासाठी मार्शल म्हणून मार्गावर उभे राहायचे आणि उलटलेल्या गाड्या सरळ करायच्या. पुष्कळांना हा भार वाटतो, पण चालकांच्या उंच मंचावरून जे दिसत नाही ते इथे दोन हातांच्या अंतरावर दिसते: कोणत्या गाडीचे आतले पुढचे चाक वळणात हवेत राहते, कोणाचा टायर कडेवर दुमडतो, उडीच्या पायथ्याशी माती कुठे उखडू लागली आहे, आणि वाटेवरचा काळसर थर सकाळच्या तुलनेत किती रुंद झाला आहे. आपल्या पुढच्या धावेसाठी कोणते टायर लावायचे हे बरेच जण इथेच ठरवतात.